इन्फेक्शन आलं कुठून?

सकाळी पावणेनऊला इन्क्युबेटर उघडायचा आणि आदल्या दिवशी जंतू वाढवायला ठेवलेल्या प्लेट बाहेर काढायच्या, हे काम मी एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी प्रयोगशाळेत अनेक वर्षं केलं. क्लेब्सिएला हा जंतू ओळखायला मला सूक्ष्मदर्शक लागत नसे. मॅकॉन्की अगार या पोषक थरावर ती गुलाबी, फुगीर, चिकट वाढते. लूप टेकवून वर उचललं की तार सुटते, पाकाची सुटते तशी. २०१२च्या पावसाळ्यात एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या, तीन बाळांच्या रक्तातून नऊ दिवसांत हीच वाढ आली. मेरोपेनेम या शेवटच्या फळीतल्या औषधाच्या डिस्कभोवती निदान २३ मिलिमीटरचं मोकळं वर्तुळ दिसलं तर औषध लागू पडेल असं आम्ही लिहितो. तिन्ही प्लेटांवर जंतू डिस्कला खेटून वाढला होता. हाताशी कोलिस्टिन तेवढं उरलं. हे जुनं औषध मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून एकेकाळी बाजूला ठेवलेलं होतं. तिघांपैकी दोन बाळं गेली.

मग चौकशी सुरू झाली. तिन्ही बाळांच्या वेळी रात्रपाळीला असलेल्या एका सिस्टरला तीनतीनदा बोलावलं गेलं. तिच्या हातांचे स्वॅब मीच घेतले. ती हात पुढे करून उभी होती आणि बोटं थरथरत होती. त्या हातांवर काही सापडलं नाही, तरीही महिन्याभरात तिची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली. वॉर्मर, सक्शनच्या नळ्या, दुधाची खोली, ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरमधलं पाणी, बेसिन असे तीसेक स्वॅब घेतले होते. बेसिनच्या जाळीतून क्लेब्सिएला वाढली, आणि तिचा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट, म्हणजे कुठली औषधं लागू पडतात याचा अहवाल, बाळांच्या रिपोर्टशी जुळला. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. मला मात्र ते पटत नव्हतं. त्या वर्षी रुग्णालयाच्या निम्म्या वॉर्डांमधून येणारी क्लेब्सिएला तसाच रिपोर्ट देत होती. बेसिनमधून बाळाकडे गेली, की बाळाचं अंग पुसून धुतलेल्या हातांवरून बेसिनमध्ये आली, की दोघींचा एकमेकींशी काही संबंधच नव्हता, हे सांगायला माझ्याकडे काहीच साधन नव्हतं. वॉर्ड रिकामा केला, जंतुनाशकाचं फ्युमिगेशन केलं, चार दिवसांनी पुन्हा उघडला. दीड महिन्यानं आणखी एका बाळाच्या रक्तात क्लेब्सिएला आली. तीच, की दुसरी? आजही मला ठाऊक नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण एवढंच, की या प्रश्नाचं उत्तर देणारं तंत्र आता मुंबईत आहे आणि ते रोजच्या कामाला जुंपलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. औषधांना दाद न देणारा जंतू रुग्णालयात दोन-तीन रुग्णांत सापडला की त्याचं जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचं वाचन, व्हायला हवं. ते रक्त तपासण्याइतकं नेहमीचं व्हायला हवं आणि त्याचं उत्तर त्या वॉर्डाला आठवड्याच्या आत मिळायला हवं.

सेन्सिटिव्हिटी रिपोर्टवरून माग का लागत नाही, हे आधी सांगते. रिपोर्ट एवढंच सांगतो, की हा जंतू कोणकोणती औषधं निष्प्रभ करू शकतो. दोन माणसांच्या खिशात एकाच कुलपाची किल्ली सापडली म्हणून ती सख्खी भावंडं ठरत नाहीत. किल्ली उसनी घेतलेली असू शकते. जंतूंमध्ये हे उसनं देणंघेणं फार चालतं. औषध मोडून टाकणारं जनुक प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या लहानशा कड्यावर असलं, तर ते कडं एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं, क्लेब्सिएलाकडून ई. कोलायकडेसुद्धा. म्हणून एकाच वॉर्डातल्या दोन वेगळ्या घराण्यांच्या जंतूंचा रिपोर्ट अगदी सारखा येऊ शकतो. क्लेब्सिएलाच्या जीनोममध्ये साधारण ५० ते ५५ लाख अक्षरं असतात. ती सगळी वाचून दोन जंतूंची ओळीला ओळ लावून पाहिली आणि फरक मोजक्या अक्षरांचा निघाला, तर जंतू एकाकडून दुसऱ्याकडे अलीकडेच गेला असं म्हणता येतं. फरक हजारोंनी निघाला तर ते दोघं वेगवेगळ्या वाटांनी वॉर्डात आले. शिवाय जनुक कुठलं, ते प्लास्मिडवर आहे का आणि ते प्लास्मिड आणखी कुणाकुणाकडे आहे, हेही कळतं.

याचा उपयोग प्रत्यक्षात कसा होतो, याची दोन उदाहरणं मला कायम आठवतात. २०११मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या क्लिनिकल सेंटरमध्ये औषधांना न जुमानणारी क्लेब्सिएला घेऊन एक रुग्ण दाखल झाली. तिला वेगळं ठेवलं, सगळी काळजी घेतली. ती घरी गेली आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्याच एका रुग्णात तसाच जंतू सापडला. मधल्या काळात कुणातच काही नव्हतं, म्हणून हा बाहेरून आला असावा असं वाटणं साहजिक होतं. पुढे एकूण १८ जणांत तो जंतू सापडला आणि ११ जण दगावले. त्यातले निदान सहा थेट त्या संसर्गानं गेले. सगळ्यांचे जंतू वाचल्यावर दिसलं, की साखळी पहिल्या रुग्णापासूनच निघाली होती. जंतू काही रुग्णांच्या आतड्यांत लक्षणं न दाखवता बसला होता आणि तिथून पुढे गेला होता.

दुसरं उदाहरण केंब्रिजच्या नवजात बालकांच्या कक्षातलं आहे, तेही त्याच सुमाराचं. तिथे एमआरएसए या औषधरोधी जंतूची साथ संपली असं वाटत असताना, शेवटच्या बाळानंतर ६४ दिवसांनी आणखी एक बाळ निघालं. सिक्वेन्सिंगनं सांगितलं, की साथ तीच आहे. म्हणजे जंतू मधले दोन महिने कुणाच्या तरी अंगावर राहिला असणार. कर्मचाऱ्यांची तपासणी केल्यावर एका व्यक्तीच्या अंगावर तो निघाला. तिला कसलाच त्रास होत नव्हता. तिच्यावर उपचार करून जंतू घालवला. तिचं नाव कुठे छापून आलं नाही. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती हात पुढे करून उभी राहिलेली सिस्टर होती. तिच्या हातांवर काही सापडलं नव्हतं, तरी ती वाहक होती की नव्हती, याचा निकाल कधीच लागला नाही. संशय मात्र तिच्यामागे राहिला.

आपल्याकडे कुणाच्याही घरी विचारा, एक वाक्य हमखास ऐकू येतं: ऑपरेशन चांगलं झालं होतं हो, पण नंतर इन्फेक्शन झालं. जणू इन्फेक्शन हवेतून टपकतं. नातेवाइकांनी विचारलं तर रुग्णालय सांगतं, रुग्ण येतानाच घेऊन आला होता. नातेवाईक म्हणतात, तुमच्याकडे आल्यावरच झालं. दोघांकडेही पुरावा नसतो. रुग्णालयांचं म्हणणं प्रत्येक वेळी खोटं असतं असंही नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. २०११मध्ये दिल्लीतल्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा रस्त्यावर साचलेल्या आणि नाल्यांच्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोनमध्ये एनडीएम-१ हे कार्बापेनेम, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातली औषधं, मोडणारं जनुक सापडलं होतं. ज्या शहरात गटार आणि नळ शेजारून जातात तिथे माणसं असे जंतू पोटात घेऊन रुग्णालयात येणारच. म्हणून तर प्रत्येक वेळी तपासून पाहायला हवं. दुसरीकडे, युरोपातल्या ३२ देशांमधल्या २४४ रुग्णालयांतल्या क्लेब्सिएलाचे जीनोम २०१९मध्ये प्रसिद्ध झाले. कार्बापेनेम मोडणारं जनुक असलेले जंतू ज्या रुग्णालयांनी पाठवले, त्यांतल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी ते रुग्णालयाच्या आतच एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेल्याचं दिसलं. आपल्या वॉर्डांत एका खाटेवर एक, खाली गादीवर एक आणि मध्ये चालायला वीतभर जागा असते. तिथे हे प्रमाण कमी असेल असं मानायला मला कुठलाही आधार दिसत नाही.

एनडीएम-१ म्हटलं की लोकांना नावाचा वाद आठवतो. २०१०च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या लॅन्सेट समूहाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात या जनुकावर लेख आला. जनुकाच्या नावात नवी दिल्ली आहे म्हणून आपल्याकडे केवढा संताप उसळला. वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा हा डाव आहे असं बोललं गेलं, आणि पुढे लॅन्सेटच्या संपादकांनी नावाबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. त्या गदारोळात मुंबईची एक गोष्ट विसरली गेली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, म्हणजे लॅन्सेटच्या पाच महिने आधी, हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या फिजिशियनांच्या नियतकालिकात स्वतःच्या रुग्णालयातले आकडे छापले होते. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू सापडले आणि त्यांतल्या २२ मध्ये एनडीएम-१ होतं. स्वतःच्या घरातली गोष्ट स्वतःच्या नावानं छापायला धैर्य लागतं. ते धैर्य या शहरातल्या डॉक्टरांनी दाखवलं होतं, आणि मला त्याचा अभिमान आहे. त्या वेळी आपण नावावर भांडण्याऐवजी त्या २२ जंतूंचा माग काढायला बसलो असतो, तर पुढची दहा वर्षं कदाचित वेगळी गेली असती. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अहवालांनुसार, कार्बापेनेम गटातल्याच इमिपेनेमला दाद देणाऱ्या क्लेब्सिएलाचं प्रमाण २०१६मध्ये ६५ टक्के होतं, ते २०२१मध्ये ४३ टक्क्यांवर आलं. २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे २ लाख ९७ हजार मृत्यू थेट औषधरोधी जंतूंमुळे झाले असा अंदाज आहे.

मुंबईला मागाशिवाय लढण्याचा अनुभव जुना आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्यानंतर सरकारनं कार्बोलिक अॅसिडच्या पाण्यानं घरं आणि गटारं धुऊन काढली, सामान जाळलं, माणसांना ओढून इस्पितळात नेलं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमाँनं १८९८मध्ये कराचीत ते दाखवून दिलं आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. तोवर धुतलेल्या घरांमधून उंदीर पळाले आणि प्लेग शेजारच्या वस्तीत गेला. वाट ठाऊक नसेल तर कष्ट वाया जातात आणि त्रास भलत्यालाच होतो. आमच्या एनआयसीयूचं फ्युमिगेशन मला त्या कार्बोलिकच्या फवाऱ्यांसारखंच वाटतं. तेही मनापासून केलं होतं.

आता आक्षेपांकडे येते. सगळ्यात वजनदार आक्षेप माझ्याच जुन्या सहकाऱ्यांचा आहे. एका सिस्टरवर जिथे पंधरा-पंधरा बाळं आहेत, हात पुसायला कागद नाही, सॅनिटायझरची बाटली दुपारपर्यंत रिकामी होते, तिथे लाखो रुपयांच्या यंत्रांचं काय कौतुक? आधी माणसं द्या, पाणी द्या. मला हे शंभर टक्के मान्य आहे. सिक्वेन्सिंगनं एकही जंतू मरत नाही. पण माणसं मागायला गेलं की काय होतं हेही मी पाहिलं आहे. इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या बैठकीत मेट्रन दर वेळी स्टाफ वाढवा म्हणून सांगायच्या आणि दर वेळी ते इतिवृत्तात लिहिलं जायचं. रात्री एकच सिस्टर होती म्हणून जंतू खाट क्रमांक चारवरून सातवर गेला, असं त्यांना कागदावर दाखवता आलं असतं, तर ती नोंद इतक्या सहज फाइलला लागली नसती. माग लागला की दोष माणसाकडून जागेकडे आणि व्यवस्थेकडे सरकतो, हा माझ्या दृष्टीनं या तंत्राचा सर्वात मोठा लाभ आहे. आज माग लागत नाही म्हणून मेमो सिस्टरला, मावशींना, वॉर्डातल्या मामांना मिळतो. बेसिनची पाइपलाइन चुकीची टाकणाऱ्याला कधीच मिळत नाही.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे. असा अहवाल नातेवाइकांच्या हाती पडला तर ग्राहक न्यायालय ठरलेलं, आणि त्याआधी वॉर्डात तोडफोड. डॉक्टरांवर हात उगारल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामुळे ही भीती काल्पनिक नाही. तरीही लपवण्याच्या बाजूनं मी उभी राहणार नाही. आपल्या बाळाला झालेलं इन्फेक्शन वॉर्डात झालं की नाही, हे जाणून घ्यायचा हक्क आईला आहे. कायद्यानं कर्मचाऱ्याच्या नावाला पक्कं संरक्षण द्यावं. अहवालात जागा, उपकरण आणि वेळ असावी, व्यक्ती नसावी. रुग्णालयाला दुरुस्तीसाठी मुदत द्यावी, आणि नंतर त्या वॉर्डात काय सापडलं व काय बदललं हे दर्शनी भागात लावावं. आज कुठल्या रुग्णालयात इन्फेक्शनचं प्रमाण किती, हे मुंबईकराला कुठेच पाहायला मिळत नाही. गुडघा बदलायला कुठे जायचं हे तो पार्किंगची सोय आणि ओळखीचा डॉक्टर पाहून ठरवतो.

खर्चाबद्दल फार लिहावं असं मला वाटत नाही. महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. शिवाय पहिली मोठी गुंतवणूक झालेली आहे. ऑगस्ट २०२१मध्ये चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात एका वेळी ३८४ नमुने वाचणारी जीनोम प्रयोगशाळा सुरू झाली. पहिल्या फेरीत कोविडचे १८८ नमुने तपासले, त्यांत १२८ डेल्टा निघाले. तो आकडा दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत होता आणि भाजीवाल्यापासून सगळे डेल्टावर बोलत होते. एका विषाणूसाठी या शहरानं हे करून दाखवलं. क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर हे जंतू त्याआधीही होते आणि कोविड ओसरल्यावरही आयसीयूमध्ये आहेत.

देशात औषधरोधी जंतूंचं सिक्वेन्सिंग होतच नाही असं नाही. संशोधन संस्था ते करतात, उत्तम करतात. भारतात एसटी२३१ नावाचं क्लेब्सिएलाचं घराणं कसं पसरलं आहे, हे त्यांच्याच कामामुळे कळलं. पण तो निबंध छापून येईपर्यंत वर्षं जातात आणि ज्या वॉर्डातून नमुना गेला त्या वॉर्डाला काही कळत नाही. मला हवं ते काम साधं आणि तातडीचं आहे. नायर, सायन, केईएम, कूपर, जे.जे. आणि उपनगरांतल्या खाजगी आयसीयूंनी नमुने एकाच ठिकाणी पाठवावेत, कारण रुग्ण एका रुग्णालयात थांबत नाही. विरारच्या नर्सिंग होममधून बोरिवलीच्या खाजगी आयसीयूत, आणि पैसे संपले की परळला किंवा सायनला, हा प्रवास मुंबईत रोज होतो. रुग्णासोबत एक्स-रेचं पाकीट येतं. कल्चरचा रिपोर्ट बहुतेक वेळा येत नाही. जंतू मात्र येतो. एका रुग्णालयात बसून ही साखळी कुणालाच दिसणार नाही, ती शहराच्या पातळीवरच दिसेल.

आणि या सगळ्याच्या आधी एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट लागते: जंतू जपून ठेवणं. रिपोर्ट गेला की प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात, जाते. साथ आहे असा संशय येतो तो तिसऱ्या रुग्णाला, आणि तोवर पहिल्याचा जंतू नष्ट झालेला असतो. प्रत्येक मोठ्या प्रयोगशाळेला उणे ८० अंशांचा फ्रीझर, त्याला जनरेटरची जोड आणि नळ्यांची नोंद ठेवणारा एक माणूस द्या. यंत्राची चर्चा त्यानंतर करू.

त्या तीन बाळांचे जंतू मी ठेवले होते. न्यूट्रिएंट अगारच्या तीन नळ्या आणि बेसिनच्या जंतूची चौथी, तोंडं मेणानं बंद केलेली, वर मार्करनं तारीख. फ्रीझर नव्हता, म्हणून लाकडी कपाटात, खालच्या खणात. क्लेब्सिएला अशी वर्षानुवर्षं तग धरते. २०२१मध्ये प्रयोगशाळेचं नूतनीकरण निघालं आणि जुने कल्चर नष्ट करा असा आदेश आला. कपाट रिकामं करायला मी एकटीच होते. चारही नळ्या मी लाल पिशवीत घातल्या, पिशवी ऑटोक्लेव्हमध्ये ठेवली, १२१ अंश लावले आणि काटा वर चढेपर्यंत तिथेच उभी राहिले. कस्तुरबातली प्रयोगशाळा सुरू झाल्याची बातमी मी त्याच महिन्यात वाचली.